मोकळं नाव

नावांच्या बाबतीत मी खडूस आहे. हे आधीच कबूल करते, कारण पुढचं सगळं त्याच खडूसपणातून झालं. जळगावच्या दाणा बाजारात माझ्या वडिलांचं, सुरेशचंदांचं, बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. लहानपणी सुट्टीत मी तिथे बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसायचे. तणनाशक आणि पिकाचं टॉनिक दिसायला सारखंच. चिठ्ठी चुकली की कुणाचं तरी उभं शेत जळतं. वस्तूच्या नावात वस्तू दिसली पाहिजे, हे तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं. पुढे मी इंजिनीअर झाले, पुण्याच्या कंपनीचं काम जळगावात घरी बसून करू लागले, पण चिठ्ठ्या चिकटवायची खोड काही गेली नाही.

आमच्या कामात पॅकेज नावाची चीज असते. कुणीतरी एक उपयोगाचा प्रोग्राम लिहितो, त्याला नाव देतो आणि सगळ्या जगासाठी खुल्या भांडारात फुकट ठेवून देतो. ज्याला तो हवा असेल त्याने आपल्या प्रोग्राममध्ये फक्त ते नाव लिहायचं. मशीन भांडारात जाऊन त्या नावाने हाक मारतं आणि त्या नावाखाली जे असेल ते घेऊन येतं. त्या नावामागे काल कोण होतं आणि आज कोण आहे, हे मशीन बघत नाही. म्हणूनच नाव नीट ठेवा, असं मी लोकांच्या मागे लागायचे. कुणी पॅकेजला मांजराचं नाव देतो, कुणी बिस्किटाचं, आणि ते काय करतं हे शोधता शोधता बाकीच्यांच्या नाकी नऊ येतात. विधी सगळ्यांना नावं ठेवते, असं मित्र चिडवायचे, आणि ते दोन्ही अर्थांनी खरं होतं.

समाधान पाटील माझा धुळ्याच्या कॉलेजातला वर्गमित्र. गाव शिंदखेड्याजवळ, घरी शेती. त्याने जे पॅकेज केलं होतं ते मात्र अस्सल कामाचं होतं. शेतीच्या लाइनीला, म्हणजे पंपाच्या विजेला, वेळापत्रक असतं. एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री, आणि ते मधेच कधीही बदलतं. बदललेल्या वेळापत्रकाचा तिरका, अर्धा अंधारलेला फोटो ग्रुपवर फिरतो. समाधानचं पॅकेज तो फोटो वाचून वेळा काढायचं. त्यासाठी त्याने सिमकार्ड बसवलेली एक छोटी डबी तयार केली होती. डबी रोज सकाळी भांडारातून पॅकेज ताजं मागवून घ्यायची आणि दुपारी गावातल्या सगळ्या नंबरांवर मेसेज धाडायची. डबी कशी बनवायची तेही त्याने खुलं करून टाकलं होतं. मग जामनेरच्या, पाण्याच्या मोटारी भरणाऱ्या मिस्तरीने दहा बनवल्या, धरणगावच्या मोबाइलवाल्याने वीस, आणि अशा डब्या खानदेशात किती झाल्या याचा पत्ता समाधानलाही उरला नाही.

आणि या पॅकेजचं नाव त्याने काय ठेवलं होतं, तर कोकिळा. मेसेजही त्याच नावाने यायचा: ‘कोकिळा: आज लाइन दुपारी दोन ते रात्री दहा.’

मी त्याला फोन करून विचारलं की ही कोकिळा करते काय, गाते की आंबे पिकवते. तो म्हणाला, बहिणीचं नाव आहे. मी म्हटलं, मग उद्या मावशीला पण चढव भांडारात. तो हसला. फोनवर हसणाऱ्या माणसाचं तोंड दिसत नाही, हे मला तेव्हा सोयीचंच झालं असावं.

मग मी सगळ्यांना दिसेल अशा जागी पानभर लिहिलं. पॅकेजच्या नावातून त्याचं काम कळावं. माणसाचं नाव देऊ नये, कारण माणूस एका घराचा असतो आणि पॅकेज सगळ्यांचं. नवख्यालाही शोधता यावं. उदाहरणं दिली, वर थोडा टोमणाही मारला. केरळपासून ब्राझीलपर्यंतच्या लोकांनी अंगठे उंचावले. माझी कॉलर ताठ झाली. समाधानने आठ महिने टोलवाटोलवी केली आणि शेवटी फेब्रुवारीत तो तयार झाला. नवं नाव मीच सुचवलं, शेतवीज. नावातच काम. मला ते आजही चांगलं नाव वाटतं, आणि हेच मला सोसत नाही.

मग जुन्या नावाचा प्रश्न आला. अशा वेळी जुन्या नावाखाली एक छोटी चिठ्ठी ठेवायची रीत आहे, की आम्ही इथून हललो, नवं नाव अमुक. मला ती रीत आवडत नाही. चिठ्ठी कुणी वाचत नाही, लोक जुनंच चालवत राहतात आणि दोन्ही नावं वर्षानुवर्षं लोंबकळत राहतात. मी समाधानला म्हटलं, काढून टाक, एकदाच काय तो त्रास होईल. डबीवाल्यांना ग्रुपवर कळव, ते नाव बदलून घेतील. त्याने मला तीनदा विचारलं, काढूच का? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वैतागले. तो म्हणाला, “काढल्यावर ते नाव कुणाचं?”

“कुणाचंच नाही,” मी म्हटलं. “मोकळं.”

त्याने नाव काढलं. मोकळं झालेलं नाव कुणीही उचलू शकतं, हे मला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. या विषयावर मी लोकांना व्याख्यानं दिलेली आहेत. पण शिंदखेड्याकडच्या एका मुलीचं नाव जगात कुणाला हवं असणार, असं मला वाटलं. इतकी साधी चूक, आणि ती मी केली.

एप्रिलमध्ये अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. समाधानचा फोन आला की आईने बोलावलंय, शेतवीज नाव जिने ठेवलं तिला बघायचंय म्हणते. मी सकाळच्या गाडीने धुळ्याला आणि तिथून शिंदखेड्याला गेले. दहा वाजताच ऊन असं होतं की गाडीच्या दांड्याला हात लावता येत नव्हता. समाधान मोटरसायकल घेऊन उभा होता.

घर पक्कं, दारात कडुनिंब, बाजूला गोठा. त्याची आई प्रमिलाबाई, बारीक चणीच्या, कपाळभर पदर घेतलेल्या, चुलीशी खापरावरचे मांडे करत होत्या. मी जैन म्हणून त्यांनी कांदा-लसणाशिवायची डाळ वेगळी केली होती. हे त्यांना सांगितलं कुणी, असं विचारल्यावर त्या समाधानकडे बघून हसल्या. वडील, लोटनआबा, शेतात गेले होते. विहिरीवरच्या स्टार्टरचा दांडा अडकत होता, तो बघून येतो म्हणाले होते.

चुलीजवळ पाण्याने भरलेली नवी मातीची घागर होती आणि तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवलेला. अखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, आणि गेलेल्यांच्या नावाने घागरही त्याच दिवशी भरतात. कुणा आजोबा-पणजोबांची असेल असं मी धरून चालले. प्रमिलाबाईंनी मांड्याचा एक घास रसात बुडवून चुलीतल्या विस्तवावर ठेवला, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाल्या, “कोकिळा, जेव माय.”

मी समाधानकडे बघितलं. तो ताटाकडे बघत होता.

नंतर ओसरीवर बसून त्याने थोडक्यात सांगितलं. दोन हजार नऊ साल. कोकिळा सोळा वर्षांची होती, तो अकराचा. ती विहिरीवर पाइप बदलायला गेली होती. वेळापत्रकात त्या वेळी लाइन नव्हती, म्हणून तिने स्टार्टरच्या लोखंडी पेटीला ओला हात लावला. लाइन आली. त्याला डबा घेऊन पाठवलं होतं. तो पोचला तेव्हा मोटार चालू होती आणि पाणी धो धो पडत होतं. बास, एवढंच, असं म्हणून तो पाणी प्यायला.

मला उठून कुठेतरी जावंसं वाटलं. मावशीला पण चढव, असं मी म्हटलं होतं. ते वाक्य आता माझ्या कानात माझ्याच आवाजात वाजत होतं, आणि समाधानने ते इतके महिने ऐकून घेतलं होतं.

प्रमिलाबाई हात पुसत येऊन बसल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. त्यांनी सांगितलं की गेली तीन वर्षं आजूबाजूच्या पाच गावांत रोज दुपारी त्यांच्या पोरीचं नाव निघायचं. माणसं पारावर एकमेकांना विचारायची, आज कोकिळा काय म्हणते? कुणी म्हणायचं, कोकिळा म्हणते दोन वाजता, घाई नको. ज्या पोरीचं नाव घ्यायला घरातलेच बिचकत होते, ते नाव लोक चहा पिता पिता घ्यायला लागले होते. आता दोन महिने झाले, मेसेज येतो पण शेतवीजचा येतो. मग त्यांनी मला विचारलं, “ती शेतवीज कोन शे? तुमनी वळखनी शे का?”

मी मान हलवली. होय म्हणायचं होतं की नाही, मलाच कळलं नाही.

जुनी डबी समाधानने काढली नव्हती. गोठ्यातल्या खुंटीला ती तशीच टांगलेली होती, बारीक हिरवा दिवा लागलेला. ती रोज सकाळी भांडारात जाऊन कोकिळाला हाक मारायची, तिथे त्या नावाचं कुणी नसायचं, मग ती दिवसभर गप्प बसायची. बंद करायचा धीर होत नाही, असं तो म्हणाला. मी नेहमीची मी असते तर त्याला दोन गोष्टी ऐकवल्या असत्या.

साडेबाराच्या सुमारास प्रमिलाबाईंचा फोन वाजला. साधा मेसेजचा आवाज. त्यांनी फोन लांब धरला, एकेक अक्षर लावून वाचलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी तसा चेहरा त्याआधी आणि त्यानंतर बघितलेला नाही.

“मनी पोर बोलनी,” त्या म्हणाल्या. “अखाजीले उनी.”

मी फोन घेतला. ‘कोकिळा: आज दिवसभर लाइन नाही.’

समाधान माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्या नावाचं पॅकेज जगात नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून ते पुसलं होतं. खरं सांगते, पहिले दोन-तीन क्षण मी काही कारण शोधलंच नाही. मला वाटलं, ती आली. ज्या मुलीची मी थट्टा केली ती माझ्यासमोर आली आणि बोलली.

मग समाधान ओरडला नाही, त्याने फक्त विचारलं, “आबांचा नंबर पण जुन्या डबीवर आहे ना?” आणि उत्तराची वाट न बघता तो मोटरसायकलकडे धावला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हाच मेसेज लोटनआबांनाही गेला असणार. ते विहिरीवर, स्टार्टरची पेटी उघडून. आणि शेतवीजच्या हिशेबाने लाइन एक वाजता येणार होती.

मी आबांना फोन लावत राहिले. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं. प्रमिलाबाईंना काय चाललंय ते कळत होतं की नाही देव जाणे. त्या मला समजावत होत्या की घाबरू नको, ती म्हणते ना लाइन नाही, मग नाही. “ती खोटं नही बोलस,” त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून बसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. एक वाजला. गोठ्यापलीकडे कुणाची तरी मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. लाइन आली होती.

एक वाजून दहा मिनिटांनी मोटरसायकल परत आली. मागे लोटनआबा बसले होते, कपाळाला आठ्या घालून, भर सणाला एवढी कसली पळापळ म्हणून. त्यांना काही झालेलं नव्हतं. मेसेज त्यांनी वाचला होता, आणि वाचून ते विहिरीवरच्या बाभळीखाली जाऊन बसले होते. त्यांनी स्टार्टरच्या तारांना आधी एक बल्ब टांगून ठेवला होता, आणि तो लागतो का ते बघत होते. फोन पेटीवर राहिला होता. समाधानने विचारलं, मेसेजमध्ये लाइन नाही असं असताना बल्ब कशाला? आबांनी सांगितलं की दोन हजार नऊपासून त्यांनी कुणाच्याही सांगण्यावरून त्या पेटीला हात लावलेला नाही, लेकीच्या सांगण्यावरूनसुद्धा नाही.

लॅपटॉप उघडल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. आदल्या दिवशी भांडारात कुणीतरी कोकिळा हे नाव घेतलं होतं. आत काहीही नव्हतं. बसच्या सीटवर रुमाल टाकून ठेवतात तसं नुसतं नाव धरून ठेवलं होतं. गोठ्यातल्या डबीने सकाळी नेहमीसारखी हाक मारली, या खेपेला ते नाव सापडलं. डबीने त्याच्याकडे वेळा मागितल्या, आतून काहीच आलं नाही. आणि वेळा आल्या नाहीत म्हणजे लाइन नाही, अशी त्या डबीची साधी समजूत होती. समाधानने ती ओळ तीन वर्षांपूर्वी लिहिली होती, पुरामुळे चार दिवस लाइन बंद होती तेव्हा.

मला हायसं वाटलं. भूत नव्हतं. मग समाधानने भांडाराच्या पानावरचा एक आकडा मला बोटाने दाखवला. त्या दिवशी कोकिळाला चारशे बारा वेळा हाक मारली गेली होती. चारशे बारा डब्या, ज्यांच्या मालकांनी नाव बदलायचं माझं ग्रुपवरचं फर्मान कधी वाचलंच नव्हतं. एकेका डबीवर पन्नास, शंभर नंबर. त्या सगळ्या फोनांवर आत्ता लाइन नाही असं लिहून आलेलं होतं, दोन महिन्यांनी, ओळखीच्या नावाने. आणि लोटनआबांसारखा बल्ब टांगून बसायला प्रत्येकाची मुलगी गेलेली नव्हती.

त्या दुपारी आम्ही जेवढ्या ग्रुपवर जमेल तेवढ्यांवर लिहिलं, जेवढे नंबर मिळाले तेवढे फिरवले. सण होता, निम्म्यांनी उचलले नाहीत. ज्याने नाव घेतलं होतं त्याला लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. दुसऱ्या खंडातली एक शिक्षिका होती. ऐकायला गोड वाटलं म्हणून नाव घेऊन ठेवलं, पुढे कधीतरी काहीतरी करू, असा विचार होता. तिने तीन वेळा माफी मागितली आणि नाव परत दिलं. समाधानने त्या नावाखाली शेतवीजच घातलं. कोकिळा पुन्हा खऱ्या वेळा सांगू लागली.

हे सगळं मी पप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, आपण दुकान हलवलं तेव्हा जुन्या गाळ्यावर दोन वर्षं पाटी होती, शिवाय माणूस बसवला होता, विसरलीस? मी विसरले नव्हते. पॅकेज म्हणजे दुकान नव्हे, असं मला वाटत होतं.

मग माझं पेपर वाचणं सुरू झालं. जिल्ह्याच्या पानावर खाली कोपऱ्यात दोन-तीन ओळींच्या बातम्या असतात. विहिरीवर शॉक लागून शेतकऱ्याचा मृत्यू. उन्हाळ्यात अशा बातम्या येतच असतात, दर वर्षी. मी त्या आजवर ओलांडून पुढे जात होते. त्या आठवड्यात जळगाव आणि धुळे मिळून दोन होत्या. पहिली जामनेर तालुक्यातली. मी गेले. तिथे वादळाने तुटलेली तार अंगावर पडली होती, मेसेजचा काही संबंध नव्हता. परतताना जामनेरच्या स्टँडवर मी चहा आणि दोन बिस्किटं घेतली आणि मला बरं वाटलं. एका घरातला माणूस गेला होता आणि मी बिस्किट खात बरं वाटून घेत होते. लाज वाटली, पण बरं वाटणं थांबलं नाही.

दुसरी बातमी धरणगावची होती. भिकन महाजन, वय एकेचाळीस, अखाजीच्या दिवशी दुपारी. तिकडे जायला मला तीन आठवडे लागले. रोज सकाळी ठरवायचे आणि दुपारपर्यंत काहीतरी काम काढायचे.

घर गावाच्या कडेला होतं. ओसरीवर म्हातारी बसली होती, भिकनची आई. मी कोण, कुठली, असं काही न विचारता तिने मला जवळ बसवलं आणि आपणहून सांगायला लागली. आधीची दोन पोरं गेली होती, म्हणून हा झाला तेव्हा पाच घरी पदर पसरून धान्य मागून आणलं आणि नाव भिकन ठेवलं. भिकेत मिळालेल्याकडे मरण बघत नाही, असं तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. मी आयुष्यभर लोकांना शिकवत आले की नावाने काम सांगावं. हे नाव तर आपलं काम एकेचाळीस वर्षं करत होतं.

भिकनची बायको मोहिनी पाणी घेऊन आली. माझ्याच वयाची. मी म्हटलं, वहिनी, लाइनीचे मेसेज येतात ना, त्या कामातली आहे मी. तिने लगेच आतून नवऱ्याचा फोन आणला. चार्ज केलेला होता. ती म्हणाली की त्यांना जाऊन महिना होत आला पण कोकिळाताईला कुणी कळवलेलं दिसत नाही, ती अजून रोज दुपारी सांगते. तुम्ही त्याच कामातल्या आहात तर तिला कळवा, म्हणजे ती धाडायची थांबेल. पोरगी चांगली आहे, तीन वर्षांत तिने सांगितलेली वेळ एकदाही चुकली नाही. रागवू नका तिला.

मी फोनवरचे मेसेज मागे सरकवत अखाजीपर्यंत गेले. त्या दिवशीचा मेसेज होता, साडेबाराचा. ‘कोकिळा: आज दिवसभर लाइन नाही.’ त्याखाली त्याचं उत्तर होतं. ‘बरं ताई. इतला दिन कोठे व्हती?’

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग मी मोहिनीला सगळं सांगितलं. कोकिळा नावाची बाई कुठे बसलेली नाही. ती शिंदखेड्याची मुलगी होती, ती सतरा वर्षांपूर्वी गेली, अशीच गेली. तिच्या भावाने तिच्या नावाने एक काम सुरू केलं होतं, मी ते नाव पुसायला लावलं, नाव मोकळं पडलं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते घेतलं. मेसेज खोटा होता आणि चूक माझी होती. जेवढं साधं करून सांगता येईल तेवढं सांगितलं. म्हातारी ओसरीवर सुपातलं धान्य निवडत होती, तिचे हात थांबलेले मला दिसले.

मोहिनीने विचारलं, “मंग त्या रोज त्यासनासंगे कोन बोलनं?”

“कुणीच नाही,” मी म्हणाले. “ते नाव रिकामं होतं.”

तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्या दोन ओळी स्वतः पुन्हा वाचल्या.

“त्यासनी तर तिले बरं ताई म्हनं,” ती म्हणाली.